घराला रंग देताना : रंगाऱ्याचा फूट आणि आपला फूट



या पानावर आपण बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी वाचत असतो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण पैशाचाच आहे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की सोसायटीचे देणे वळते होऊन जे हातात राहते, त्याला घरात वाटा फुटतात. मुलांची फी, मोटारीची दुरुस्ती, एखादे लग्नकार्य. आणि कार्य ठरले की घरातून पहिला शब्द निघतो तो हा : "भिंती बघा जरा. पाव्हणं यायच्या आत रंग द्यायला पायजे."

रंग देणे हे काम आपण सोपे समजतो. विहीर खोदायची तर दहा ठिकाणी चौकशी करतो, बैल घ्यायचा तर दात बघतो. रंगाऱ्याला मात्र ओट्यावर उभ्या उभ्या दर विचारतो, मान डोलावतो आणि कामाला लावतो. मीही तसेच केले होते. त्यात पैसा गेला असे म्हणता यायचे नाही, पण एका सरळ माणसाला मी चारचौघांत लबाड म्हणालो. ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कशासाठी ते कळेल.

सात हजार आणि तीस हजार

आमचे घर उंब्रजला, महामार्गापासून आत. सोपा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जमिनीचे माप काढले तर आतले पाचशे चौरस फूट भरते. धाकट्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा गावातल्याच एका रंगाऱ्याला बोलावले. माल आपला, मजुरी त्याची. जुना रंग खरवडणे, दोन हात पुट्टी, घासणे, अस्तराचा एक हात आणि रंगाचे दोन हात, एवढ्या कामाचा दर त्याने चौदा रुपये फूट सांगितला. मी मनात गुणाकार केला : पाचशे गुणिले चौदा, सात हजार. "चालू करा," म्हणालो. कागद नाही, टेप नाही.

दोन माणसे पंधरा दिवस राबली. मांडव पडायला आठवडा राहिला असताना त्याने हिशेब दिला तो तीस हजार एकशे सत्तर रुपयांचा. माझे डोके फिरले. पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "सातचे तीस करतोस? लुटायला आलास काय?" तो एवढेच बोलला, "आण्णा, मी भिंतीचा फूट सांगितला होता. तुम्ही फरशीचा धरला, त्याला मी काय करू?" स्वयंपाकघराचा दुसरा हात राहिला होता. तो तसाच टाकून, ब्रश धुऊन तो निघून गेला.

रात्री आमचे एक नातलग आले. त्यांची हयात गवंडीकामात गेलेली. त्यांनी टेप मागितला, सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळे मोजले आणि आकडा काढला : दोन हजार एकशे पंचावन्न चौरस फूट. त्याला चौदाने गुणा. तीस हजार एकशे सत्तर. रंगाऱ्याने एक फूटही जास्त धरला नव्हता.

मग ते म्हणाले, "उलटा ताळा कर की. दोन माणसं पंधरा दिवस म्हणजे तीस रोज झाले. सात हजाराला तीसनं भाग. एका रोजाला सव्वादोनशे-अडीचशे पडतात. तुझ्या रानात भांगलायला तरी येतंय का कोण एवढ्यात?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. उसाच्या वजनात काट्याला किलोचा फरक पडला तर आपण बोलतो, आणि इथे मी मापच न घेता माणसाला चोर ठरवले होते.

फूट कुठला, ते आधी ठरवा

सगळी गोम इथेच आहे. घर बांधताना, विकताना आपण जमिनीचा चौरस फूट धरतो. रंगारी मात्र ज्या अंगाला रंग लागतो त्याचा चौरस फूट धरतो, म्हणजे चारही भिंती आणि वरचे छत. फरशीला तो रंग देत नाही, मग फरशी का मोजील? बांधकामात शंभर चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. काही रंगारी ब्रासवर दर सांगतात, तेव्हाही भिंतीचाच ब्रास असतो.

माप घेण्याची रीत सोपी आहे. खोलीची लांबी आणि रुंदी यांची बेरीज करावी, तिची दुप्पट करावी आणि उंचीने गुणावे. म्हणजे चार भिंती झाल्या. लांबी गुणिले रुंदी म्हणजे छत. आमच्याच घराचा हिशेब देतो. उंची सगळीकडे दहा फूट आहे.

सोपा २० × ८ : भिंती ५६०, छत १६०, एकूण ७२०.
खोली १२ × १० : भिंती ४४०, छत १२०, एकूण ५६०. अशा दोन खोल्या, म्हणून ११२०.
स्वयंपाकघर १० × १० : भिंती ४००, छत १००, एकूण ५००.
सगळी बेरीज २३४० चौरस फूट.

आता दारे-खिडक्या. येथे दुसरा तंटा होतो. मालक म्हणतो, "दाराला भिंत नाही, तेवढे कापा." रंगारी म्हणतो, "दाराच्या कडेला आणि बगलांना भिंतीपेक्षा जास्त वेळ जातो, मी कापणार नाही." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. सरकारी बांधकामात मोजमापाची जी रीत भारतीय मानक १२०० मध्ये घालून दिलेली आहे, तिने यात मध्यम मार्ग काढला आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांपर्यंतचे भोक कापावयाचे नाही. त्याहून मोठे, पण तीन चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे बत्तीस चौरस फुटांपर्यंतचे असेल, तर भिंतीच्या एकाच बाजूला कापावयाचे, दुसऱ्या बाजूला नाही. न कापलेल्या बाजूत बगलांची मजुरी निघते. त्याहून मोठे असेल तर दोन्ही बाजूंना कापावयाचे आणि बगला वेगळ्या मोजून मिळवावयाच्या.

घरातले नेहमीचे दार तीन बाय सात, म्हणजे २१ फूट आणि खिडकी चार बाय चार, म्हणजे १६ फूट. दोन्ही मधल्या वर्गात येतात, म्हणून प्रत्येक दार आणि प्रत्येक खिडकी एकदाच कापावी. आमच्याकडे पाच दारे १०५ आणि पाच खिडक्या ८०, मिळून १८५. तेवीसशे चाळीसातून १८५ वजा जाता २१५५ राहिले. जमिनीचे माप पाचशे आणि रंगाचे माप एकवीसशे पंचावन्न, म्हणजे चौपटीहून अधिक. घर लहान खोल्यांचे असेल तर ही पट आणखी वाढते, कारण भिंती जास्त होतात.

लाकडी दारांचा ऑइलपेंट भिंतीत धरू नये, तो वेगळा मोजावा. तावदानी दाराला खाचा आणि कंगोरे असतात, म्हणून त्याच मानकात प्रत्येक बाजूचे माप १.३० ने गुणण्याची रीत आहे. २१ फुटांचे दार दोन्ही बाजूंनी ४२, त्याचे साधारण साडेचोपन्न होतात. रंगाऱ्याने दार पंचावन्न फूट धरले म्हणून चमकू नये. खिडकीच्या लोखंडी जाळीचे सपाट माप एकदाच धरावे, त्यात तिच्या सगळ्या बाजू आल्या.

दर कशाकशाचा मिळून होतो

"रंगाचा दर काय?" हा प्रश्नच अपुरा आहे. "कुठल्या कुठल्या कामाचा दर काय?" असे विचारावे. एकाने आठ सांगितला आणि दुसऱ्याने चौदा, म्हणून आठवाला स्वस्त ठरत नाही. आठात खरवडणे नसेल, पुट्टी नसेल, अस्तर नसेल. जुन्या रंगावर ओला फडका मारून दोन हात फासले की आठ रुपयांत त्याचे पोट भरते, पण एक पावसाळा गेला की भिंतीला पापुद्रे सुटतात.

कामाच्या पायऱ्या अशा : १) खरवडणे आणि झाडणे, २) भेगा व खड्डे भरणे, ३) पुट्टीचे हात आणि पॉलिशपेपरने घासणे, ४) अस्तर, म्हणजे प्रायमरचा हात, ५) रंगाचा पहिला हात, ६) दुसरा हात, ७) फरशी व काचा पुसून देणे. रंग दिसतो तो शेवटच्या दोन पायऱ्यांत, पण टिकतो पहिल्या चार पायऱ्यांवर. नांगरट आणि सरी चांगली नसेल तर बेणे कितीही भारी आणले तरी काय उपयोग? तसेच हे आहे.

दर सांगणाऱ्या प्रत्येकाला याच सात पायऱ्या वाचून दाखवाव्या आणि प्रत्येकीला हो की नाही ते लिहून घ्यावे. तीन रंगाऱ्यांना विचारले की आपल्या गावचा चालू दर आपोआप कळतो. त्यांनी आधी केलेली दोन घरे बघून यावीत. आत्ताच रंगवलेले घर बघू नये, दोन पावसाळे खाल्लेले बघावे. आणि शेवटी वर सांगितलेला उलटा ताळा करावा : एकूण मजुरीला लागणाऱ्या रोजांनी भागावे. उत्तर गावच्या मजुरीपेक्षा फार खाली आले तर काम अर्धवट राहणार हे ओळखावे. फार वर गेले तर दर जास्त आहे असे समजून घासाघीस करावी. मात्र ब्रश, पॉलिशपेपर, परांचीचे भाडे आणि गाडीचे पेट्रोल रंगाऱ्याच्या अंगावर असेल तर तेही त्यातच येते हे विसरू नये.

रोजंदारी, फुटावर की उक्ते?

रोजंदारीवर दिले तर काम सावकाश आणि नीट होते, पण मालकाला घरी थांबावे लागते. फुटावर दिले तर हिशेब स्वच्छ राहतो, मात्र रंगारी घाई करतो, म्हणून पायरी-पायरीला तपासावे लागते. मालासकट उक्ते दिले तर आपला त्रास वाचतो, पण माल कुठला आणि किती वापरला ते कळत नाही. माझ्या मते घरात एखादे माणूस हजर असेल तर माल आपला आणि मजुरी फुटावर, ही रीत आपल्यासारख्यांना सोयीची आहे. थोडे डागडुजीचे काम असेल तर रोजंदारी बरी.

माल किती लागेल?

डब्यावर जे क्षेत्र छापलेले असते ते गुळगुळीत भिंतीवरचे असते. आपला गिलावा खडबडीत, तो रंग पितो. म्हणून जरा हात आखडून धरावे. हिशेबासाठी असे धरू : अस्तर एका लिटरला ११० फूट, साधा इमल्शन रंग एका लिटरला एका हाताचा १२० फूट, पुट्टी दोन हातांना मिळून एका किलोला १२ फूट.

अस्तर : २१५५ भागिले ११०, सुमारे २० लिटर.
छताचा पांढरा : ५०० फूट, दोन हात म्हणजे १०००, भागिले १२०, साडेआठ लिटरच्या आत.
भिंतींचा रंग : १६५५ फूट, दोन हात म्हणजे ३३१०, भागिले १२०, सुमारे २८ लिटर.
पुट्टी : २१५५ भागिले १२, सुमारे १८० किलो, म्हणजे चाळीस किलोच्या साडेचार पिशव्या.

या आकड्यांपुढे दुकानातला त्या दिवसाचा भाव लिहिला की मालाची रक्कम तयार झाली. रंगावरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानदार भाव सांगतो तो कर धरून की सोडून, ते आधी विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. सगळा माल एकदम आणू नये. पहिला हात झाल्यावर किती उरला ते बघून बाकीचा आणावा. मात्र एका भिंतीला लागेल तेवढा रंग एकाच वेळी मिसळून घ्यावा, नाहीतर छटेत फरक पडतो. रंगाचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतून लिहून ठेवावा. पुढे डाग पडला तर तोच नंबर सांगता येतो.

डबे आपल्यासमोर फोडावेत आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत मोजून ठेवावेत. डब्यावर पाणी किती घालावयाचे ते लिहिलेले असते, तेवढेच घालू द्यावे. आणखी एक गोष्ट. काही कंपन्या डब्यामागे रंगाऱ्याला कूपन किंवा बक्षीस देतात. त्यात गैर काही नाही, पण रंगारी एकाच मालाचा फार आग्रह धरू लागला तर दुसऱ्या दुकानातही भाव विचारून यावे.

कुठल्या भिंतीला कोणता रंग?

सगळ्याच भिंतींना भारी रंग लागतो असे नाही. गोठा, परसातली भिंत, मातीच्या विटांची जुनी खोली यांना आजही चुना उत्तम. चुन्याची कळी भिजवून शांत करावी, फडक्यातून गाळावी, चिकटपणासाठी सरस किंवा डिंक आणि चमकेसाठी चिमूटभर नीळ घालावी. चुना कळीवर पाणी पडले की उकळतो, तेव्हा डोळे आणि मुले जपावीत. मातीच्या भिंतीला ऑइलपेंट देऊ नये. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि रंग पापुद्र्यासकट, कधी गिलाव्यासकट सुटतो.

बाहेरच्या सिमेंटच्या गिलाव्याला सिमेंटचा रंग स्वस्त पडतो. स्नोसेम हे खरे तर एका मालाचे नाव, पण आपल्याकडे सगळ्यालाच स्नोसेम म्हणतात. हा रंग द्यायच्या आधी भिंत भिजवावी आणि वाळल्यावर पाणी मारावे, म्हणजे तो धरतो. कोरड्या भिंतीवर कडक उन्हात दिलेला रंग हाताला पिठासारखा येतो. पैसा असेल तर बाहेरून इमल्शन द्यावे, ते जास्त वर्षे जाते. आतून डिस्टेंपर स्वस्त, पण पुसता येत नाही. लहान मुले असतील तर सोप्याला धुता येणारा रंग आणि आतल्या खोलीला साधा, असे वाटून द्यावे.

ओल असेल तर रंग थांबवा

रंगावर सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो ओल्या भिंतीवर. भिंतीला लोणा लागला असेल, पांढरी पूड सुटत असेल, तर दोष रंगाचा नव्हे, पाण्याचा आहे. पाणी तीन वाटांनी येते : वरून स्लॅबमधून किंवा पन्हळीतून, खालून पायातून आणि मधून मोरीच्या नळातून. वाट बंद केल्याशिवाय कितीही भारी रंग दिला तरी तो सुटणारच.

घरच्या घरी परीक्षा करता येते. फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन रात्री ठेवावा. कागदाच्या आतल्या अंगाला दंव धरले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या अंगाला धरले तर ती हवेतली. दुसरी परीक्षा तळहाताची. जुन्या रंगावर हात फिरवला आणि पांढरा झाला, तर तो थर खरवडल्याशिवाय वर नवा देऊ नये.

आपल्याकडे तारळी आणि कृष्णा भेटतात. नदीकाठच्या घरांना ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुराचा अनुभव आहे. पाणी ओसरल्यावर भिंत वरून वाळलेली दिसते, आत मात्र महिनोन् महिने ओली असते. अशा भिंतीला गाळ धुऊन, दारे-खिडक्या उघडी ठेवून पूर्ण उन्हाळा द्यावा आणि मगच रंगाचे बघावे. नवा गिलावाही निदान चार आठवडे पाणी मारून आणि वाळवून घ्यावा.

भेगांचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्या पिढीतल्या माणसांना भिंतीच्या भेगेचा अर्थ चांगला कळतो. केसासारखी भेग पुट्टीने भरते. पण बोटभर रुंद, तिरकी किंवा वाढत जाणारी भेग असेल तर आधी जाणत्या गवंड्याला दाखवावी. रंगाने ती झाकली तर धोका तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

हंगाम कोणता धरावा?

दसऱ्याआधी सगळ्यांनाच रंग हवा असतो. तेव्हा भिंती पावसाने ओल्या, रंगारी चार घरांत विभागलेला आणि दर चढलेला असतो. पालच्या खंडोबाची पौषातली यात्रा झाली, की पुढचे दोन-तीन महिने भिंती कोरड्या असतात. लग्नसराई अंगावर यायच्या आत काम उरकावे. एक सांभाळावे. शेजारच्या रानात पाचट पेटवले असेल किंवा उसाच्या गाड्यांची धूळ उडत असेल, तर त्या दिवशी दारांना ऑइलपेंट देऊ नये. ओल्या रंगावर काजळी बसते ती बसतेच.

माणसाची काळजी

शिडी आणि परांची ही जीवाची गोष्ट आहे. घराला येणारी विजेची तार भिंतीजवळून जात असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी तिथे लावू देऊ नये. वीज कंपनीला सांगून तेवढा वेळ पुरवठा बंद करून घ्यावा. मजल्यावरच्या बाहेरच्या भिंतीला कमरेच्या दोराशिवाय माणूस चढवू नये. घाई आपल्याला असते, पडतो तो.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा केंद्राचा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारांचा रंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत जाऊ देऊ नये आणि खरवड गोळा करून बांधून ठेवावी.

रंगारी हाही कायद्याने बांधकाम कामगार आहे. १८ ते ६० वयाच्या आणि मागील वर्षात किमान ९० दिवस काम केलेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदता येते. आपल्या घरी येणाऱ्याने ते नोंदवले आहे का, हे एकदा विचारावे. माहिती नसेल तर सांगावी. त्यात आपले काही जात नाही.

चिठ्ठी करा

गावातला माणूस, ओळखीचा माणूस, त्याच्याशी कसला कागद करायचा, असे आपल्याला वाटते. ओळखीचा आहे म्हणूनच कागद करावा, म्हणजे ओळख टिकते. अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरे. तिच्यात एवढे असावे :

"आज दिनांक ... रोजी ... यांच्या घराच्या आतील भिंती व छत रंगविण्याचे काम ... यांनी घेतले. दोघांनी मिळून घेतलेले माप ... चौरस फूट (भिंत व छत, दारे-खिडक्या एकदा वजा). काम : खरवडणे, पुट्टी ... हात, अस्तर एक हात, रंग दोन हात, साफसफाई. मजुरी दर चौरस फुटास रुपये ..., एकूण रुपये ... माल मालकाचा, ब्रश व परांची रंगाऱ्याची. काम ... रोजी सुरू, ... पर्यंत पूर्ण. वाढीव काम दोघांनी लिहिल्याशिवाय धरू नये."

खाली दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. पैसे टप्प्याने द्यावेत. ३०,१७० चे काम असेल तर पाच हजार इसार, पुट्टी घासून झाल्यावर दहा हजार, पहिल्या हातानंतर दहा हजार आणि सगळे बघून झाल्यावर उरलेले ५,१७०. मोठी उचल देऊन माणूस बांधू नये, आणि काम झाल्यावर "बिल आलं की देतो" असे म्हणून त्याला हेलपाटेही घालू नयेत. उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो आणि ते थकले की आपल्याला कसे वाटते, हे आपण जाणतो. रंगाऱ्याचे घर तर आठवड्यावर चालते.

शेवट

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप आणि पैसे घेऊन रंगाऱ्याच्या घरी गेलो. दारात उभा राहून म्हणालो, "माप मोजलं. तुमचं बरोबर आहे. चुकलो मी." त्याने बसायला घोंगडे टाकले. चहा झाला. पैसे मोजून घेतले नाहीत, नुसते कोनाड्यात ठेवले. जरा वेळाने म्हणाला, "आण्णा, पैशाचं न्हाय. पाव्हण्यांच्या देखत बोलला, ते लागलं." त्याला मी काय उत्तर देणार? दुपारी तो आला आणि स्वयंपाकघराचा राहिलेला हात पुरा करून गेला. लग्नाच्या दिवशी त्याला मी मांडवात पहिल्या रांगेत बसवले आणि ज्या पाहुण्यांच्या देखत बोललो होतो, त्यांच्याच देखत झालेली चूक सांगितली.

सभासद बंधूंनो, आपल्याच गावातला माणूस आणि आपण यांच्यात भांडण लागते, ते पुष्कळदा लबाडीने लागत नाही, न बोललेल्या मापाने लागते. म्हणून रंगाऱ्याला हाक मारायच्या आधी घरातला टेप काढा. पोराला एक टोक धरायला लावा. भिंती मोजा, ओल बघा, सात पायऱ्या लिहा आणि मग दर विचारा. पंधरा मिनिटांचे काम आहे. पैसा किती वाचेल ते घराघरावर आहे, पण शब्द नक्की वाचेल.

— एक सभासद, उंब्रज